ब्रिटनमध्ये सरकार बदललं की स्किल्ड वर्कर व्हिसा सोपा होतो का?

प्रश्न: ऑफर ४०,००० पौंडांची आहे. पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबावं का?

उत्तर १: त्या भरवशावर नको. हुजूर पक्षाने एप्रिल २०२४ मध्ये या व्हिसासाठी लागणारा किमान वार्षिक पगार २६,२०० पौंडांवरून ३८,७०० केला. जुलैत मजूर पक्ष आला, त्याने २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० केला, वर पदवी पातळीचंच काम हवं. आगीतून फुफाट्यात! नवा कायदाही लागत नाही, संसदेत नियमबदलाचं निवेदन ठेवलं की पुरतं.

उत्तर २: वय २६ च्या आत असेल तर ३३,४०० चालतात. मात्र सरकारने त्या पदासाठी ठरवलेल्या पगाराच्या दराचे ७० टक्केही भरले पाहिजेत. बोनस, ओव्हरटाइम धरत नाहीत. गणित इथेच चुकतं.

उत्तर ३: नोकरी देणाऱ्या कंपनीकडून स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करा, नंतर ते बाद.