ड्राय नीडलिंगनं खुब्याची ताकद खरंच वाढते काय? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा सल्ला पाहिजे. वय ३७, कोल्हापुरातच. आधी तालमीकडनं फुटबॉल खेळायचो, ते सुटलं, आता सकाळी रंकाळ्याला पळतो तेवढंच. दोन महिने झाले उजव्या खुब्याची बाहेरची बाजू ठणकतीय, त्या कुशीवर झोपता येत नाही आणि घरचा जिना चढायचा तरी कठडा धरायला लागतोय. चैत्रात जोतिबाला चालत जायचंय म्हणून जास्त टेन्शन. एक्सरे नॉर्मल.

फिजिओनं आरशासमोर उजव्या पायावर उभं केलं तर डावीकडची कंबर खाली झुकली. म्हणाले ग्लुटियस मीडियस, म्हणजे खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा, कंबर सरळ धरणारा स्नायू कमजोर पडलाय. कुशीवर झोपवून पाय वर उचलायला लावला, वरनं हातानं दाबला, गेला की लगेच खाली. मग ड्राय नीडलिंग केलं. औषधबिवषध काही नसतं, नुसती बारीक सुई, पण स्नायूतल्या आखडलेल्या गाठीत बरोबर बसली की तो आतल्या आत असा टुणकन उडतो की बास!

आता खरी गंमत. सुया काढून पाच मिनिटांत परत तीच टेस्ट घेतली तर पाय दाबून खाली जाईना. मी खूश. पुढं दीड दिवस मुका मार बसल्यासारखं दुखलं, मग तीन-चार दिवस एकदम झकास, आणि नंतर हळूहळू परत पहिल्यासारखं. दोन्ही सेशनला हेच. पाच मिनिटांत स्नायू वाढत नाही एवढं तालमीत जोर मारलेल्याला कळतंय हो, मग ही ताकद आली कुठनं आणि जाते कुठं? तिसरं सेशन घेऊ का? रबर बँडचे व्यायाम पण दिलेत, खरं सांगायचं तर चारच दिवस केले. वडिलांचाही खुबा दुखतोय, त्यांना रक्त पातळ करायची गोळी आहे, त्यांना नेलं तर चालेल का?

तांबडा_पांढरा: भावा, मी फिजिओच आहे. ताकद नवीन आली नाही, होती तीच मोकळी झाली. दुखत असलं की शरीर त्या स्नायूला पुरता जोर लावू देत नाही, सुईनं दुखणं उतरलं की तो ब्रेक सुटतो. तोही सगळ्यांचा सुटतोच असं नाही, आणि नुसत्या सुईवर ताकद टिकते याला पुरावा कच्चा आहे. ते झकास तीन-चार दिवस व्यायामासाठीच असतात, तू ते पळण्यात घालवलेस ना? बँड लाव, दीड-दोन महिने तरी धर. डाव्या कुशीवर झोप, गुडघ्यांमध्ये उशी घे. वडिलांच्या गोळीचं आधी सांगायचं, त्यांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सुई नको. पायाला मुंग्या, बधिरपणा आला तर तूही सरळ डॉक्टर गाठ.

धागाकर्ता: पळण्यातच घालवले 😅 बँडनं आईनं जुन्या पेपरांचा गठ्ठा बांधलाय, सोडवून घेतो. पळणं बंदच करू का?

तांबडा_पांढरा: सध्या सपाटीला चाल, दुखणार नाही एवढंच. आरशासमोर कंबर झुकायची थांबली की जोतिबाचं बघू.