यूके: व्हेपवर कर येतोय, फ्लेवरचं काय होणार? साठा करावा का?

रीडिंगकर

सिगरेट सोडून व्हेपवर (ई-सिगरेटवर) आलेले इथे बरेच आहेत. मागच्या गटगला (गेट-टुगेदरला) हॉलच्या बाहेर थंडीत कोण कोण कुडकुडत उभं होतं ते पाहिलंय मी. धागा त्यांच्यासाठी. "दोन्ही वाईटच, सोडून द्या" म्हणणाऱ्यांचंही स्वागत, फक्त आकडे घेऊन या.

आधी जे ठरलंय ते. १ ऑक्टोबर २०२६ पासून व्हेपच्या लिक्विडवर दर १० मिलिला २ पौंड २० पेन्स कर, निकोटीन असो वा नसो. वर व्हॅट, म्हणजे २.६४. मार्च २०२४ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री हंटसाहेबांनी निकोटीनच्या प्रमाणानुसार तीन टप्पे सुचवले होते. ऑक्टोबरात नव्या अर्थमंत्री रीव्हजबाईंनी ते मोडीत काढून सरसकट एकच दर लावला.

मी १०० मिलिची शॉर्टफिल घेतो. म्हणजे बिननिकोटीनची मोठी बाटली, निकोटीनचे शॉट (छोट्या बाटल्या) आपण वरून घालायचे. (२०१७ पासून निकोटीनवाली बाटली १० मिलिपेक्षा मोठी विकता येत नाही, त्यावर काढलेली ही पळवाट.) ती मला बारा-तेरा पौंडांना पडते. तिच्यावर कर किती? २६ पौंड ४० पेन्स! शॉटचा वेगळाच. आणि शाळकरी पोरं ओढतात त्या २ मिलिच्या भरलेल्या पॉडवर (व्हेपमध्ये बसवायच्या तयार कुपीवर)? ५३ पेन्स. पोरांच्या नावाने बिल फाडलंय ते आमच्यावर.

पण निदान हे ठरलेलं तरी आहे. जीव टांगणीला लागलाय तो फ्लेवरवरून. नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या तंबाखू आणि व्हेप विधेयकात फ्लेवर, वेष्टन, दुकानातली मांडणी यांवर नियम करायचे अधिकार मंत्र्यांना दिलेत. कुठला फ्लेवर जाणार, कधी जाणार, यावर त्यात अवाक्षर नाही. नेदरलँड्सने १ जानेवारी २०२४ पासून तंबाखूची चव सोडून सगळं बंद केलं. इथेही तेच झालं तर ज्या चवीपासून पळालो तिच्याकडेच परत जायचं का?

कोणी साठा करतंय का?

खारी_बटर

करतोय. निकोटीन शॉट फ्रीझरमध्ये, बाकी बाटल्या जिन्याखालच्या कपाटात. उजेड आणि ऊब लागली की लिक्विड कोऱ्या चहासारखं लालसर होतं, घशाला खरखरतं. फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर कुलपाच्या डब्यात ठेवा. लहान मुलाच्या पोटात ते गेलं तर थेट इस्पितळ.

बायको म्हणते, एवढी बेगमी लोणच्याची कधी केली नाहीस.

स्लाऊची_आई

हे सगळं वाचून हसावं की रडावं कळेना. जिन्याखाली साठा करतायत आणि वर विचारतायत की सरकार आमच्या मागे का लागलंय!

माझ्या नववीतल्या मुलाच्या दप्तरात हायलायटर म्हणून जे होतं ते हायलायटर नव्हतं. गुलाबी-निळं, वास बबलगमचा. इंग्लंडमधल्या सरकारी पाहणीत २०२३ साली ११ ते १५ वयाची ९ टक्के मुलं व्हेप ओढत होती. ही मुलं काही सिगरेट सोडायला व्हेपकडे आलेली नाहीत. तुमच्या जिभेसाठी आंबा-लिची दुकानात राहणार आणि माझ्या मुलाने मोहात पडायचं नाही, असं कसं? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सगळे फ्लेवर बंद करा म्हणून सांगितलंय. लागू दे कर. माझ्या मते कमीच आहे.

रीडिंगकर

ताई, १८ च्या खाली विकणं २०१५ पासून गुन्हा आहे. ज्याने तुमच्या मुलाला विकलं त्याला धरा ना. शॉर्टफिल आणि कॉइल (लिक्विड तापवणारी तार) घेऊन कुठला पोरगा शाळेत जातो?

लेस्टर_कॉर्नरशॉप

मी गल्ल्यावर उभा असतो, तेव्हा दोघांनाही थोडं सांगतो.

रीडिंगकर, ५३ पेन्सांचा हिशेब जुना झाला. १ जून २०२५ ला डिस्पोजेबल (एकदा वापरून फेकायच्या व्हेप) बंद झाल्यावर कंपन्यांनी त्याच आकाराला चार्जिंगचं भोक पाडलं, पॉड बदलता येईल असं केलं आणि भावही जवळपास तोच ठेवला. लोक पॉड बदलत नाहीत, अख्खं फेकतात. आता तर २ मिलिच्या पॉडला १० मिलिची टाकी जोडलेली येतात. त्यावर कर तीन पौंडांच्या वर जाईल. तुमच्या बाटलीवर अन्याय आहे हे खरं, पण पोरांचा माल अगदीच सुटलेला नाही.

आणि ताई, हे आमच्याकडच्या मालाचं झालं. चार दुकानं सोडून एक जण काउंटरखालून जुन्या डिस्पोजेबल देतो, त्याला कसला कर आणि कसलं वय? कराचा शिक्का नसलेला माल ३१ मार्च २०२७ पर्यंत विकायला मुभा आहे. त्यानंतर शिक्का नसलेली बाटली सापडली की आम्ही अडकणार. तो तेव्हाही काउंटरखालूनच विकेल.

फुफ्फुस_विभाग

मी श्वसनविकारांच्या वॉर्डात काम करते. निकोटीन पॅच आणि गमपेक्षा निकोटीनच्या व्हेपने जास्त लोकांची सिगरेट सुटते, हे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनं तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात भक्कम पुराव्यानिशी आलंय. एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) म्हणते: सिगरेटपेक्षा कमी घातक, पण निर्धोक नाही, ओढत नसाल तर सुरू करू नका. त्यामुळे स्लाऊची आई आणि रीडिंगकर दोघांचंही मला पटतं, आणि धाग्यावर हे लिहिलं की दोघंही चिडतात.

मला खटकतं ते वेगळंच. व्हेपवर १० मिलिला २.२० लावताना त्याच दिवशी सिगरेटवर वाढ केलीय १०० सिगरेटींना २.२०. म्हणजे वीसच्या पाकिटाला ४४ पेन्स. व्हेप सिगरेटपेक्षा स्वस्तच राहील, मान्य. पण हातावर पोट असलेला पेशंट पाकिटाचा भाव काढत नाही, या महिन्यात काय महागलं तेवढं बघतो.

साठा करू नका. पुढच्या दोन वर्षांचं निकोटीन घरात भरणं म्हणजे ते सोडायचं नाही असं ठरवणंच झालं.

खारी_बटर

सोडायचं नाहीच आहे. सिगरेट सोडली तेवढं पुरे की.

पेठेतला_पाहुणा

तुमच्याकडे निदान कराची भांडणं तरी आहेत. आमच्याकडे भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला व्हेपबंदीचा वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण सगळं बंद. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विडी-सिगरेट मात्र राजरोस चालू. आणि व्हेप मिळतं का? पुण्यात कॉलेजच्या आसपास विचारून बघा. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, जिन्यांचे कोपरे अजून लाल आहेतच.

दिवाळीला येणाऱ्यांनो, ते खिशात घालून येऊ नका. आयातच बंद आहे.

मेलबर्नची_माई

आमच्याकडे १ जुलै २०२४ पासून व्हेप फक्त औषधांच्या दुकानात. चव तंबाखू, पुदिना किंवा मेन्थॉल, बस्स. बऱ्याच फार्मसी ठेवतच नाहीत. चोरटा धंदा इतका माजलाय की तंबाखूची दुकानं जाळायच्या टोळीयुद्धांच्या बातम्यांचं इथे कोणाला काही वाटेनासं झालंय. ब्रिटनने काय करू नये ते बघायचं असेल तर या.

स्लाऊची_आई

म्हणजे कोणीतरी चोरून विकणारच, म्हणून उघड विकू द्यायचं? या न्यायाने कुठलाच कायदा नको.

रीडिंगकर

असं कोण म्हणतंय? चव राहू द्या, नावं काढा. 'ब्लू रॅझ बबलगम' आणि त्यावरचं कार्टून कशाला हवंय? पांढरी बाटली, त्यावर "फळ, क्रमांक ३". काउंटरच्या मागे, कपाट बंद. कर निकोटीनवर लावा, पाण्यासारख्या बेसवर नको. सरकारने मतं मागवली तेव्हा मी हेच लिहून पाठवलं.

स्लाऊची_आई

पांढरी बाटली चालेल मला. बंद कपाटही चालेल. पण "फळ, क्रमांक ३" म्हणजे काय ते आठ दिवसांत टिकटॉकवर येईल, आणि माझ्या मुलाला ते तुमच्या आधी कळेल. तेव्हा कर कमी करायचं मला सांगू नका.

लेस्टर_कॉर्नरशॉप

टिकटॉकवर सोडा, गल्ल्यावर दुसऱ्याच दिवशी विचारतील, "अंकल, तीन नंबर आहे का?"