पायरो म्हणजे नुसती मिरवामिरव? (डी-७६वाल्यांना उत्तर)

निगेटिव्हवाला:
काल दुसऱ्या धाग्यावर पायरो आणि डी-७६ या फिल्म धुवायच्या रसायनांवरून (डेव्हलपर) एका सभासदाने लिहिलं, "घरच्या बाथरूममध्ये पायरो वापरणारे मिरवण्यासाठीच वापरतात. निगेटिव्हवर पिवळे डाग पाडून काय मिळतं? डी-७६ १९२७ पासून चालतंय, तेच वापरा." उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, तो डाग नाही. डी-७६ मध्ये ऑक्सिडेशन रोखणारं सल्फाइट लिटरला १०० ग्रॅम असतं, माझ्या पायरोत, म्हणजे पायरोकॅट-एचडीत, नावापुरतं. त्यामुळे जिथे चांदी तयार होते तिथेच डेव्हलपर ऑक्सिडाइज होऊन रंग सोडतो. चांदी जास्त तिथे रंग जास्त, सावल्या जवळजवळ कोऱ्या. आता प्रिंटचा मल्टिग्रेड कागद: निळ्या प्रकाशाला कडक (जास्त कॉन्ट्रास्ट), हिरव्याला मऊ (कमी). निगेटिव्हवर आभाळाच्या दाट भागातला रंग निळा अडवतो, म्हणून तेवढ्याच भागात कागद मऊ वागतो. खाली दगडांचा कडकपणा शाबूत. उलट शून्य नंबरचा, सगळ्यात मऊ, फिल्टर लावलात तर अख्खी प्रिंट मऊ होते. राजमाचीला पावसाळ्यात काढलेला एचपी-५ फिल्मचा रोल मी १:१:१०० (ए द्रावण, बी द्रावण, पाणी) मध्ये धुतला. ढगांच्या उजळ कडा बर्न न करता (तेवढ्या भागाला जादा प्रकाश न देता) कागदावर उतरल्या. डी-७६ मध्ये असं एकदा करून दाखवा.

ग्रेड_तीन:
तो "एक सभासद" मीच, नाव घ्यायला हरकत नव्हती. स्प्लिट ग्रेड ऐकून आहात ना? शून्य (मऊ) आणि पाच (कडक) नंबरचे फिल्टर, एकाच प्रिंटला दोन एक्स्पोजर, आणि आभाळाला हाताने बर्न. डार्करूममध्ये आपण करतो काय मग, पंख्याखाली बसून चहा पितो? तुमच्या ढगांना कडा असतात, पोट नसतं. रंग हायलाइट (उजळ भाग) दाबतो म्हणजे आतले बारीक फरकही दाबतो, हे सोयीस्कररीत्या गाळलंत.

आणि आता कोणीतरी अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टनचं नाव घेणार, म्हणून आधीच सांगतो. तो एबीसी पायरो वापरायचा, पण कॉन्टॅक्ट प्रिंटसाठी (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून), आणि मल्टिग्रेड कागदावर नाही. ठरावीक ग्रेडच्या कागदावर हाच रंग उलट घनता वाढवतो. मल्टिग्रेडवाल्यांनी त्याचा दाखला देऊ नये.

कोथरूडकरीण:
चर्चा उच्च चालू आहे, पण माझा प्रश्न खालच्या पातळीवरचा. आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर. पायरोकॅटचं बी द्रावण कार्बोनेटचं, टँकरच्या पाण्यात पडलं की मगातलं पाणी दुधाळ होतं. तळाशी पांढरा गाळ. एफपी-४ चा रोल वाळल्यावर खिडकीशी धरला तर कडेच्या भोकांपाशी रवाळ कण चिकटलेले, आणि एक नेमका माझ्या आजीच्या गालावर. तुम्ही लोक पाणी कुठलं वापरता?

नाना_फोटोवाले:
ताई, आम्ही अकोल्यात स्टुडिओत मे महिन्यात रोल धुवायचो. नळाचं पाणी हात भाजेल असं. परातीत बर्फ फोडून टाकायचा आणि त्यात बाटल्या उभ्या करायच्या. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू फिल्म. गरम पाण्यात जिलेटिन इतकं मऊ व्हायचं की नख लागलं की वरचा थर निघून यायचा. निगेटिव्हवाल्याने एक सांगायचं राहिलं: पायरोने जिलेटिन कडक होतं, आपल्या हवेत तो खरा फायदा. बाकी ढगांची पोटं तुम्ही मोजत बसा.

बॅटरीवाला:
पेट्रोल पंपावर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी मिळतं. डेव्हलपरला तेवढंच, धुवायला टँकर चालतो.

ग्रेड_तीन:
डी-७६ ला हे लाड लागत नाहीत, एवढंच नोंदवतो.

पाणी_जपा:
डिस्टिल्ड कशाला, घरचं आरओ चालतं की. पण आरओ जेवढं देतं त्याहून जास्त मोरीत सोडतं, ते बादलीत धरा. आमच्याकडे टँकरवाल्याने भाव वाढवले आणि कमिटीचे अध्यक्ष त्यांच्याच बाजूने बोलतात. सभेत विचारलं तर म्हणे तुम्ही फोटो धुण्यात पाणी घालवता! मी अख्ख्या आठवड्यात जेवढं वापरतो तेवढ्याने त्यांची गाडी एकदा धुतली जाते.

कोथरूडकरीण:
आमच्याकडे तर बागेला आणि कारंज्याला टँकर. कारंजं!

निगेटिव्हवाला:
धागा पायरोचा आहे.

दोन_मुलांचा_बाप:
मग पायरोचंच बोलू. पायरोगॅलॉल कातडीतून अंगात शिरतं, पूड श्वासात गेली तर आणखी वाईट. आणि तुम्ही ज्या बाथरूममध्ये मोजता तिथेच उद्या सकाळी मूल दात घासणार. आभाळाच्या कडांसाठी? बेजबाबदारपणा आहे.

निगेटिव्हवाला:
माझ्या घरात काय चालतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी पूड मोजतच नाही. ए द्रावण ग्लायकॉलमध्ये तयार आणतो, पायरोगॅलॉल नाही, कॅटेकॉल. हातमोजे घालतो. सिरिंज वेगळी, कुलूपबंद डब्यात. तुमच्या डी-७६ मधल्या मेटॉलने हाताला इसब उठलेले लोक मी बघितलेत, त्यावर कधी धागा काढलात?

दोन_मुलांचा_बाप:
कॅटेकॉलही विषारीच. आणि आवाज चढवू नका.

निगेटिव्हवाला:
लिहिण्यात आवाज कसा चढतो ते शिकवा.

स्कॅनर_शिंदे:
मी पायरोचा आणि डी-७६ चा, दोन्ही रोल स्कॅन केले, काही फरक दिसत नाही.

ग्रेड_तीन:
स्कॅनरवाल्यांनी यात पडू नये. सगळी गोष्ट निळ्या प्रकाशाची आणि कागदाची आहे. ग्रेस्केलवर टाकून बघितलंत, म्हणजे रंग फेकूनच दिलात. कलरमध्ये स्कॅन करा आणि निळा चॅनल वेगळा बघा.

निगेटिव्हवाला:
अरे वा, ग्रेड_तीन पायरोची बाजू घेताहेत. तारीख लिहून ठेवा.

ग्रेड_तीन:
बाजू नाही, भौतिकशास्त्र आहे. बरं, कडक उन्हातल्या रोलला, आणि बर्न करायचा कंटाळा असेल तर, तुमचं पायरो ठीक. एवढंच मिळेल माझ्याकडून. ढगांच्या पोटाचं उत्तर अजून आलेलं नाही.

निगेटिव्हवाला:
डेव्हलपिंग वेळ थोडा वाढवून बघा, पोटंही दिसतील.

ग्रेड_तीन:
म्हणजे आता चूक माझ्या घड्याळाची!

कोथरूडकरीण:
बॅटरीचं पाणी आणलं, मगातलं पाणी स्वच्छ राहिलं. पंपावरचा मुलगा विचारत होता, ताई, गाडी कुठंय? बाकी नाना, बर्फ फोडून टाकलात तर तापमान २० वर टिकायचं कसं? माझ्या टँकमध्ये मे महिन्यात ते दर मिनिटाला चढतं.

नाना_फोटोवाले:
२० कोणाला हवंय? २४ वर धुवा, वेळ कमी करा. आणि ते कारंजं बंद करायला लावा आधी.