मदत हवी आहे: कुत्रा ताटलीजवळ येऊ देत नाही (मारा असं सांगू नका)

केळीचं_पान (यावल तालुका):
मंडळी, आमचा वाघ्या जेवताना जवळ गेलं की गुरगुरतो. आधी असा नव्हता. जो तो म्हणतो, दोन ठेवून द्या. मला मारायचं नाही. एक शिकवणारा आला होता, त्याने काट्यांच्या पट्ट्याला असा हिसका दिला की वाघ्या केकाटला. त्याला तिथूनच परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात बहीण लेकरं घेऊन येतेय. लवकर सांगा.

भुसावळ_आउटर:
वय? जात? "आधी" म्हणजे कधी?

केळीचं_पान:
गावठी. दोनेक वर्षांचा. पोळ्यापर्यंत ठीक होता.

गिरणाकाठ:
भाऊ, तीन कुत्रे पाळून झाले माझे. मालक कोण ते त्याले कळलं पाहिजे. तुम्ही आधी जेवा, मग त्याच्या ताटलीत हात घालून ढवळा. लांडग्यांच्या कळपात म्होरक्या एकच असतो.

खापरावरची:
आला म्होरक्या! ते निघालं पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९७० च्या पुस्तकात तेच मांडलं, आणि जंगलातले कळप वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये स्वतःच खोडून काढलं. तिथे कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तुमच्या ताटात कोणी हात घालून शेवभाजी ढवळली तर?

गिरणाकाठ:
माझे कुत्रे कधी गुरगुरले नाहीत.

खापरावरची:
गुरगुरल्यावर मार बसला की कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. मग एक दिवस न सांगता चावतो.

शेवभाजी_प्रेमी:
नसबंदी करून टाका. आणि नगरपालिकेचं लायसन काढलं का?

केळीचं_पान:
मळ्यात राहतो हो, नगरपालिका कुठून आणू?

भुसावळ_आउटर:
पोळ्यानंतर घरात काय बदललं?

केळीचं_पान:
काही नाही. बागेत नवं ठिबक टाकलं. जुन्या नळीचा हातभर तुकडा आबांनी ओट्यावर ठेवलाय, वाघ्याने ताटलीवरून आवाज काढला की तोच देतात. आता मी नुसत्या नळ्या गुंडाळायला घेतल्या तरी तो कान पाडून बसल्या जागी मुततो.

भुसावळ_आउटर:
अहो, हे पहिल्यांदा लिहायचं! चावला का कोणाला?

केळीचं_पान:
नाही. परवा आबांच्या अंगठ्याला दात लागले फक्त. थोडं रक्त आलं, हळद लावली.

भुसावळ_आउटर:
रक्त आलं म्हणजे चावलाच. हळद धुऊन काढा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, आणि आजच सरकारी दवाखान्यात न्या. घरचा कुत्रा आहे, लस दिलीय, म्हणून थांबू नका.

केळीचं_पान:
मी कुत्र्याचं विचारलं, आबांचं नाही. बरं, नेतो.

खापरावरची:
आता कुत्र्याचं. आधी ती नळी ओट्यावरून हलवा. मग तो खात असताना लांबून जा, इतक्या लांबून की त्याने मानही वर करू नये. भाकरीपेक्षा भारी काहीतरी, उकडलेलं अंडं वगैरे, ताटलीकडे टाका आणि परत फिरा. थांबायचं नाही, हात लावायचा नाही. माणूस आला की ताटली जात नाही, उलट भर पडते, हे त्याला कळू द्या. चार-पाच दिवसांनी एक पाऊल पुढे. अंग ताठ केलं, भराभर गिळायला लागला, की तुम्ही घाई केली. मागे व्हा.

केळीचं_पान:
घरात अंडं चालत नाही.

खापरावरची:
मग पनीर. नाहीतर तुपात बुडवलेला भाकरीचा तुकडा.

गिरणाकाठ:
कुत्र्याले तूप! आम्हाले नाही मिळत.

भुसावळ_आउटर:
आठवड्यात हे जमणार नाही. लेकरं असतील तेवढे दिवस त्याला मोटारीच्या खोलीत दार लावून जेवू घाला. आणि जनावरांच्या डॉक्टरांकडून दात-कान तपासून घ्या, दुखतंय म्हणूनही चिडतात.

केळीचं_पान (सहा दिवसांनी):
आबांची दोन इंजेक्शनं झाली. पनीर टाकतोय. काल पाच पावलांवर होतो, वाघ्याने एकदा वर पाहिलं आणि शेपूट हलवली, खात राहिला. आबा बाजेवरून बघत होते, बोलले काही नाहीत. नळी मात्र ओट्यावरच आहे. मी दोनदा उचलून ठेवली, दोनदा परत आली. आबांना कसं सांगू?

शेवभाजी_प्रेमी:
पनीर आबांच्या हातूनच टाकायला लावा. बाकी यावलला केळीला काय भाव चालू आहे?