मदत हवी आहे : गुर्जर सैनिकांच्या नोंदी नेमक्या कशा शोधायच्या?

गुर्जर समाजातल्या सैनिकांची गावनिहाय यादी करतो आहे. सुरुवात भोलूपुऱ्याच्या (करौली, राजस्थान) कमल राम यांच्यापासून केली. आठव्या पंजाब रेजिमेंटचे हे १९ वर्षांचे शिपाई. १२ मे १९४४ रोजी इटलीत गारी नदीपाशी चार मशीनगन ठाण्यांच्या माऱ्यापुढे तुकडी अडकली, तेव्हा त्यांनी दोन ठाणी एकट्याने आणि तिसरं हवालदाराच्या साथीने उद्ध्वस्त केलं. व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाला. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आपल्याकडे कुणाच्या कानावरही नसतं, याचं फार वाईट वाटतं.

आता अडचण. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (CWGC, महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) नोंदीत वडिलांचं नाव, गाव, जिल्हा सापडतो. जात बहुधा नसते. शिवाय तिथे फक्त मृत सैनिक आहेत, म्हणजे कमल राम यांच्यासारखे परत आलेले सगळे सुटतात. इंग्रजी स्पेलिंगही कुठे गुजर, कुठे गूजर, कुठे गुर्जर. जिल्हे आणि संस्थानं जुनी, त्यामुळे आजच्या नावाने शोधलं तर हाती काहीच लागत नाही.

फाळणीत राजपूत रेजिमेंटमधले पंजाबी मुसलमान पाकिस्तानकडे गेले आणि गुर्जर आले. त्या बदलीच्या नोंदी रेजिमेंटच्या फतेहगड (उत्तर प्रदेश) इथल्या केंद्रात मागायच्या, तर सेवा क्रमांकाशिवाय अर्ज कसा लिहावा? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जुने क्रमांक कुणी मिळवलेत का?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गुजर कुटुंबांकडे जुनं डिस्चार्ज बुक (लष्करातून सुटताना मिळणारी सेवेच्या नोंदींची पुस्तिका) असेल तर पहिल्या पानाचा फोटो हवा. पदकाच्या कडेवर कोरलेला क्रमांकही चालेल. नुसत्या आडनावावरून मात्र कुणालाही यादीत घेणार नाही.