माळ्यावर सापडलेल्या डबलबारीच्या कॅसेटी, ही कंपनी नेमकी कुणाची?

हापूसवेडा:
मंडळी, गणपतीला देवगडला घरी गेलेलो, माळा साफ करताना काकांच्या ट्रंकेत ३०-३५ कॅसेटी सापडल्या, त्यातल्या ९ एकाच लेबलच्या. आठ डबलबारीच्या (दोन बुवांचा भजनाचा सामना), एक शक्तीतुरा (शक्ती नि तुरा अशा दोन बाजूंचा गाण्यातला सवाल-जवाब). कव्हर एकरंगी, बुवांचा फोटो, मंडळाचं नाव, गावाचा पत्ता आणि खाली कंपनीचा परळचा पत्ता. वर्ष कुठेच नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, मालकांच्या घरच्यांना आधी विचारायचंय. नेटवर काहीच नाही सापडलं. शेवटचा नंबर २३ आहे म्हणजे २३ तरी निघाल्या असणार ना? अशा कंपन्या चालायच्या कशा, पैसा कोण घालायचं?

पखवाजवाला:
कंपनी कसली हो दादा, खाली दुकान नि वर पोटमाळा! मी आमच्या बुवांच्या एका कॅसेटला पखवाजला होतो म्हणून सांगतो, पैसे आपणच द्यायचे. मंडळात वर्गणी काढली, कमी पडले ते बुवांनी घातले, स्टुडिओ एका दुपारपुरता. ते कव्हर छापून कॉप्या मारून गठ्ठा आपल्या हातात देणार, विकायचं आपलं आपण. बारी असेल तिथे चहाच्या टेबलाशेजारी मांडायच्या, उरलेल्या गणपतीत एसटीने गावाला. खरी गंमत रेकॉर्डिंगची, रात्रभर चालणारी बारी साठच्या कॅसेटमध्ये म्हणजे एका बाजूला अर्ध्या तासात बसवायची, गजर जरा रंगात आला की काचेमागून बोट फिरवून आवरा आवरा, आणि समोर दुसरे बुवा नाहीतच! मग आमचे बुवा भिंतीकडे बघून उत्तरं देत होते 😄 आणि नंबरवर जाऊ नका. आमची त्यांच्याकडची पहिलीच, तरी तिला १०१ दिला, मालक म्हणाले १ लिहिला तर घेणार कोण.

जुनी_तबकडी:
छोट्या लेबलची परंपरा त्याहून जुनी आहे. १९३५ च्या सुमारास मुंबईत यंग इंडिया ही रेकॉर्ड कंपनी निघाली, मोठे गवई एचएमव्हीकडे त्यामुळे यांनी नवीन, हौशी लोकांना बरंच गायला लावलं. पण ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम ३ मिनिटं, त्यात भजनाची बारी काय मावणार, आणि तबकडी छापायला कारखाना लागतो. फिलिप्सने १९६३ ला कॅसेट आणली, ऐंशीच्या दशकात आपल्याकडे ती स्वस्त झाली आणि दोन डेक असलेला कुणीही कंपनी काढू शकला.

वर्ष काढायला पत्ते वाचा. मंडळाच्या पत्त्यात जि. सिंधुदुर्ग असेल तर नक्की १ मे १९८१ नंतरची, कारण जिल्हाच तेव्हा झाला. उलट चालत नाही हां, जि. रत्नागिरी लिहायची सवय पुढेही लोकांना होती आणि छपाईचा जुना ब्लॉक परत वापरायचे. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे १९९० पासूनची, त्यांचा भर तबकड्यांवर, तरी विचारून बघा.

मालवणी_माणूस:
आमच्या घराक पण दोन पेटयो भरान कॅसेटी होत्यो, पावसात बुरशी इली नि आवशीन उकीरड्यार टाकल्यान. आता वायट वाटता. तू घाई करून टेपाक लावू नको हां.

पखवाजवाला:
बरोबर बोलले. आधी आतल्या स्पंजची पट्टी बघा, ती पडलेली असली की आवाज दबका येतो नि लोक म्हणतात कॅसेट गेली. स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटमध्ये रीळ बदलून टाका. पांढरी बुरशी दिसली तर चांगल्या डेकला लावूच नका, हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटी नासतील.

हापूसवेडा:
आत्ता कव्हरं परत बघितली. ४ नंबरवर जि. सिंधुदुर्ग आणि ११ वर जि. रत्नागिरी, दोन्ही बुवा एकाच तालुक्यातले! म्हणजे नंबर खरंच मनाला येईल तसे, नाहीतर ब्लॉक जुना. आणि शक्तीतुऱ्याच्या कव्हरच्या आत काकांच्या अक्षरात पेनाने लिहिलंय, १२ दिल्या, ५ चे पैसे येणे. काका फक्त ऐकणारे होते असंच आम्ही समजत होतो. आत्याला फोन लावतोय.