कठडा कधी सुटला? घाबरत घाबरत आइस स्केटिंग शिकलेल्यांचे अनुभव

भिया राम, मंडळी!

वय चौपन्न, माहेर रामबाग, सासर लोकमान्य नगर, मुक्काम पोस्ट इंदूर. आजवर बर्फाशी संबंध आला तो गोळ्यापुरता, नाहीतर लग्नघरी भुशाच्या पोत्यातून निघणाऱ्या लादीपुरता. आता डिसेंबरात लेकीकडे टोरोंटोला निघालेय आणि सहा वर्षांच्या नातवानं व्हिडिओ कॉलवर फर्मान काढलंय, "आजी, तू पण स्केटिंग करायचं." लेक म्हणते, "नको गं आई, तू आपली बाकावर बस, आमचे फोटो काढ." खरं सांगू? त्या 'बाकावर बस'चाच राग आलाय.

पण भीती आहेच. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरला, तेव्हापासून ओल्या फरशीवर भिंत धरल्याशिवाय मी चालत नाही. (हाड मोडलं नव्हतं, नुसता मुका मार. तरी डोक्यातून जात नाही.)

तर जे घाबरत घाबरत शिकले, त्यांनी लिहा. 'हिंमत ठेवा' एवढंच सांगणार असाल तर राहू द्या. ती असती तर विचारलंच नसतं. पाय कुठे ठेवायचा, पडलं तर काय फुटतं, कठडा कधी सोडलात, ते सांगा.

तिलकनगरवाली :

काकू, मी अडतिसाव्या वर्षी शिकले, तुमच्या टोरोंटोतच. सिटी हॉलसमोर नेथन फिलिप्स स्क्वेअर आहे, तिथलं उघड्यावरचं रिंक, म्हणजे स्केटिंगसाठी बर्फ धरलेलं मैदान. जायला पैसे नाहीत, स्केट्स तिथेच भाड्यानं मिळतात.

माझी पहिली चूक बुटातच झाली. थंडी म्हणून लोकरीचे दोन दोन मोजे चढवले आणि वर एक नंबर मोठे स्केट्स मागितले. लहानपणी आई राजवाड्यावरून वाढत्या पायाच्या चपला आणायची तसे. पाय आत हलला की घोटा आत कलतो आणि ब्लेड भलतीकडे जातं. मला वाटलं, आपले घोटेच कमजोर. शेवटी एका आजोबांनी बाकावर बसवलं आणि सगळ्या लेस सोडायला लावल्या. (तिथे ऐंशीचे आजोबा पाठीमागे हात बांधून गोल गोल फिरत असतात, आपल्याकडे नेहरू पार्कात फिरतात तसे. बघून आधी राग येतो, मग धीर येतो.) मोजा एकच, पातळ. बूट घट्ट, टाच आतल्या आत उचलली जाता कामा नये. लेस बोटांपाशी सैल, घोट्याच्या वाकणात करकचून, आणि अगदी वर पुन्हा किंचित सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकतो. घोटे कमजोर असल्याचा माझा आजार तिथल्या तिथे बरा झाला.

मग चालणं. घसरायचं नाही, चालायचं. वाड्याच्या चौकात पावसाळ्यात फरशी शेवाळते, तेव्हा आपण कसे जातो? गुडघे वाकवून, आखूड पावलं टाकत, अंग जरा पुढे झुकवून. तसंच. फक्त टाचा जवळ आणि चवडे बदकासारखे बाहेर. दहा-बारा पावलांनंतर पाय आपसूक थोडा घसरतो, तेवढा घसरू द्यायचा. भ्यायलेला माणूस ताठ होतो आणि मागे रेलतो, आणि बर्फावर मागे रेललं की आपटलंच. म्हणून हात पुढे, कमरेइतके उंच, पोह्यांची परात धरल्यासारखे. नजर परातीच्या पलीकडे, पायाकडे नाही.

काकूंचं उत्तर :

परात धरायला येते. पुढचं कोण सांगतं?

जुना बँकवाला :

माझी बदली १९८६ साली शिमल्याला झाली होती. इंदूरच्या माणसाला शिमला म्हणजे काळ्या पाण्याचीच शिक्षा. लक्कड बाजाराच्या खाली जे रिंक आहे ते १९२० पासूनचं, आणि तिथला बर्फ निसर्गाच्या भरवशावर. संध्याकाळी मैदानावर पाणी सोडायचं. आकाश निरभ्र राहिलं तर रात्रीतून गोठतं. ढग आले की सगळं मुसळ केरात. सकाळी ऊन पोचायच्या आत खेळून घ्यायचं, की मग एकदम संध्याकाळी.

मला भीती पडण्याची नव्हती, हसू होण्याची होती. आठ-आठ वर्षांची शाळकरी पोरं उलटी धावत होती आणि मी शाखेचा अधिकारी, आईनं विणलेला स्वेटर घालून कठड्याला घोरपडीसारखा चिकटलेला. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं की कोणाचंच माझ्याकडे लक्ष नाही. जरा वाईटच वाटलं.

एक कामाची गोष्ट सांगतो. सकाळचा पहिला बर्फ गुळगुळीत आणि टणक असतो. दोन तासांनी त्याला इतक्या खाचा पडतात की नवख्याचं ब्लेड अडकून तो उगाच तोंडावर पडतो आणि दोष स्वतःला देतो. लवकर जा. आता बंदिस्त रिंकवर यंत्र फिरतं, वरचा थर खरवडून गरम पाण्याचा पातळ हात देतं. मोरीची फरशी घासून पुसावी तसं. कॅलिफोर्नियाच्या फ्रँक झॅम्बोनी यांनी १९४९ साली ते बनवलं, म्हणून सगळे त्याला झॅम्बोनीच म्हणतात. ते फिरून गेल्यावर पाच मिनिटं थांबून उतरा.

मल्लखांबवाला :

मी नवव्या वर्षापासून मल्लखांबावर. २०१३ साली तो मध्य प्रदेशाचा राज्यखेळ झाला तेव्हा आमच्या आखाड्यात पेढे वाटले होते. सांगायचा मुद्दा, तोल या विषयात आपल्याला कोणी शिकवू नये असं माझं ठाम मत होतं.

नोकरीसाठी नेदरलँड्सला आलो. ऑफिसातला एक जण रविवारी गोठलेल्या तळ्यावर घेऊन गेला आणि माझ्यापुढे स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची ठेवली. तिकडची पोरं खुर्ची ढकलत ढकलत शिकतात. म्हटलं, भिया, खुर्ची तुझ्या आजीला दे. पुढच्या दोन मिनिटांत मी चार वेळा आडवा. मल्लखांबावर पकड असते. मांडीची, अंगठ्याची, काखेची. बर्फावर धरायला काहीच नाही. माझं सगळं शरीर पकड शोधत होतं, आणि तेच नडत होतं. मुकाट्यानं खुर्ची घेतली.

पण खुर्चीची सवय लावून घेऊ नका. सगळा भार हातांवर जातो आणि पाय काहीच शिकत नाहीत. पंधरा मिनिटं तिच्याबरोबर, पाच मिनिटं तिच्याशिवाय, असं मी केलं.

तिकडे फ्रीसलंड प्रांतात अकरा गावांना जोडणारी साधारण २०० किलोमीटरची स्केटिंगची शर्यत आहे, एल्फस्टेडेनटोख्ट. सगळ्या वाटेवर १५ सेंटीमीटर जाडीचा बर्फ धरला तरच होते. शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ ला. त्यानंतर तसा बर्फ धरलेलाच नाही, तरी दर हिवाळ्यात थंडी पडली की ऑफिसात तीच चर्चा. आपल्याकडे मृग कोरडा गेला की करतात तशी.

चाकांवरची :

मी शाळेत असताना रोलर स्केटिंग केलेलं, चार चाकांचं. त्याला पुढे चवड्यापाशी रबरी ब्रेक असतो, पाय टेकवला की थांबतं. मागच्या वर्षी गुरुग्रामला मॉलमधल्या रिंकवर गेले, मोठ्या ऐटीत सुटले, आणि सवयीनं चवडा टेकवला. फिगर स्केट्सच्या ब्लेडला पुढे करवतीसारखे दाते असतात. ते बर्फात रुतले, पाय तिथेच राहिला, मी पुढे गेले. हनुवटीला तीन टाके.

ते दाते उडी-गिरकीसाठी असतात, थांबण्यासाठी नाहीत. थांबायचं तर टाचा बाहेर, अंगठे एकमेकांकडे, गुडघे वाकवून ब्लेडची आतली कड बर्फावर दाबत खरवडायची. किसणीवर खोबरं दाबतो ना, तेवढाच जोर. भुगा उडाला की समजा थांबताय. हे आधी शिका, पुढे जाणं नंतर. मी उलटं केलं.

आणि भाड्याच्या स्केट्सचं ब्लेड नखानं हळूच तपासा. ब्लेडच्या मधोमध पन्हळीसारखी खोलगट रेघ असते, तिच्यामुळेच दोन कडा तयार होतात. मला मिळालेली जोडी गुळगुळीत होती, पाय बाजूला सटकत होता. काउंटरवरच्या पोरानं "मॅडम, सब ऐसे ही हैं" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या वेळी भांडून बदलून घेतली, तर निम्मी भीती जोडीबरोबरच परत गेली.

नाही जमलं :

तीन वेळा प्रयत्न केला. नाही आवडलं. पाय गार पडतात, कंबर धरते, आणि पैसे आपण मोजतो. कॉफीचा स्टॉल छान होता. काकू, बाकावर बसण्यात कमीपणा काही नाही, एवढंच.

पट्टीवाली ताई :

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जरा लांबवते. पडलेली माणसं माझ्याकडे येतात त्यांत मनगटं पुष्कळ. तोल गेला की हात सरळ करून जमिनीवर टेकवायचा, ही आपली जन्माची खोड. सगळा भार त्या एका मनगटावर येतो. दुसरं माकडहाड. मागे रेलून बसकण मारली की ते दुखावतं आणि मग दोन-दोन महिने गोल उशीवर बसावं लागतं. माझं स्वतःचं दुखावलंय, मनालीच्या सहलीत, स्केटिंगवर नव्हे, हॉटेलच्या पायरीवर. म्हणजे रुग्णाचा अनुभवही आहे.

काकू, निघण्याआधी महिनाभर घरात गादी टाका आणि पडायचा सराव करा. हसू नका. तोल जातोय असं वाटलं की आधी खाली बसायला लागा, जितकं खाली जाल तितकी उंची कमी. मग एका कुशीवर, मांडी आणि कुल्ल्याच्या मांसल भागावर कलंडा. हनुवटी छातीला लावलेली, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात अंगाशी, मुठी मिटलेल्या. बर्फावर पसरलेली बोटं दुसऱ्याच्या ब्लेडखाली यायला वेळ लागत नाही, म्हणून हातमोजे हवेतच. उठताना रांगत्या बाळासारखं चार पायांवर या, एक पाऊल दोन हातांच्या मध्ये आणा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवून वर या. कठड्याला लोंबकळून उठू नका, पाय खालून निघून जातात.

मनगटाला पट्टे आणि डोक्याला हेल्मेट. लाजू नका. आणि पन्नाशी उलटलीय, हाडांची घनता तपासून घ्या. ती फार कमी निघाली तर वरचा 'नाही जमलं' सांगतोय ते ऐका.

काकूंचं उत्तर :

तपासली. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण मला विचारून करताय की सांगून? म्हटलं, सांगून.

दिवाणखान्यात गादी टाकलीय. आमचे हे पेपर वाचता वाचता गुण देतात. काल दहापैकी चार.

ओटावाकर :

मूळचा सुदामा नगरचा, आता ओटावात. इथे रिडो कालवा गोठला की ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट होते, १९७०-७१ च्या हिवाळ्यापासून. लोक दप्तर पाठीला लावून त्यावरून ऑफिसला जातात. मी सात वर्षं पुलावरून बघत होतो. उद्या, परवा, पुढच्या वर्षी. अखेर २०२२ च्या दिवाळीत बायकोला वचन दिलं, स्वतःचे स्केट्स विकत घेतले. आणि त्या हिवाळ्यात कालवा एक दिवसही उघडला नाही, बर्फ पुरेसा जाड झालाच नाही. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. बायको म्हणाली, तुझी भीती थेट वरपर्यंत पोचली.

पुढच्या वर्षी उघडला तेव्हा पहिल्याच सकाळी गेलो. कालव्याला कठडा नसतो हे तोवर लक्षातच आलं नव्हतं! रिंकवर शिकलेला माणूस तिथे पोरका होतो. बायकोच्या कोटाचा पट्टा धरून पहिला अर्धा किलोमीटर गेला. मग एका ठेल्यावर बीव्हरटेल खाल्लं, पिठाची लांबट तळलेली पोळी, वर दालचिनी-साखर. सराफ्यातल्या गराडूची सर नाही, पण उणे बारा अंशांत तक्रार कोण करतो? परत येताना पट्टा सोडला होता की नाही यावर घरात अजून एकमत नाही.

काकू, जानेवारीत, टोरोंटोहून :

तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

पहिल्या दिवशी नुसते स्केट्स घालून रबरी चटईवर चालले आणि परत आले. लेकीला पटलं नाही, मला पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बर्फावर, बँकवाल्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे. दोन्ही हातांनी कठडा, वीस मिनिटांत निम्मा फेरा. नातू बाजूनं ओरडत होता, "आजी, खाली बघू नको, खाली काही नाहीये!" खरंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पडले. डाव्या कुशीवर, अगदी दिवाणखान्यातल्या गादीवर पडायचे तशी. मुठी मिटलेल्या, हनुवटी आत. मांडीवर वांग्याएवढा डाग उमटलाय, पण उठले माझी मी. गंमत म्हणजे त्यानंतर मोरीची आठवण आली नाही. रात्री अंथरुणात आली, तेव्हा उशीर झाला होता.

कठडा कधी सुटला, तर त्याचं असं झालं. थंडीनं नाक सारखं वाहत होतं. रुमाल उजव्या खिशात, उजवा हात कठड्यावर. हात काढला, रुमाल काढला, नाक पुसलं, घडी घातली, परत खिशात ठेवला. मग बघते तर कठडा चार हात लांब आणि मी आपली चाललेय.

लेक बाकावर बसून फोटो काढत होती. एकही धड आलेला नाही, सगळ्यांत मी नाकच पुसतेय.